उपाशी ठेवलेली बांधी

आसगाव (ता. पवनी)
२४ जून २०२४

प्रिय तृप्ती,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पोस्टमन म्हणाला, "काकू, आजकाल बँकेशिवाय कोणाचं पाकीट येऊन नाही राहिलं." मी म्हटलं, माझं येतं. फोनवर तू "कशी आहेस" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते आणि बोलणं संपतं. कागदावर तसं होत नाही. शिवाय वाचायला मी उशिरा शिकले, किराण्याच्या पुड्यांचे कागद जुळवून. त्यामुळे वाचलेलं पुन्हा वाचायची हौस अजून गेलेली नाही.

प्रयोगासाठी तू धानाच्या दोन बांध्या, शेताचे दोन तुकडे, मागितले होतेस, ते दिले. रस्त्याला लागून आहे ती वरची आणि तिच्या खालची. माती एकच, आकारही जवळपास सारखा. तुझे मोठेबाबा असते तर त्यांनी आधी वीस प्रश्न विचारले असते आणि मग दिल्या असत्या. मी आधी दिल्या, आता प्रश्न विचारते.

धानाच्या भुशाची राख वरच्या बांधीत घालायची आणि खालचीत नाही, यातून तुला काय कळणार? राखेने आम्ही भांडी घासतो. "धान हे सिलिकाचं संचयक आहे" असं एक वाक्य तू लिहिलं आहेस. ते मला वाचता आलं, कळलं नाही. साधं करून लिही.

आणि "हा माझा शेवटचा हंगाम" एवढं एका ओळीत लिहून तू पुढे गेलीस. त्या ओळीबद्दलही लिही.

तुझी,
मोठीआई


पुणे
३ जुलै २०२४

प्रिय मोठीआई,

धानाच्या पानावर उलटं बोट फिरवलं की कापतं ना? ते काचेने कापतं असंच समज. वाळूत जी वस्तू असते, सिलिका, ती थोडीथोडी पाण्यात विरघळलेली असते. धानाची मुळं ती पाण्याबरोबर ओढून घेतात. पाणी पानातून उडून जातं, सिलिका मागे राहते. रोज थोडी, पूर्ण हंगामभर. जे झाड अशी एखादी वस्तू आपल्या अंगात जमवत जातं ते संचयक. धान यात फार पुढे आहे. जितकी सिलिका जमेल तितका देठ ताठ आणि खोडकिड्याला कुरतडायला अवघड.

आता बघ, मळणीनंतरचा पेंढा, तणस, आपण गुरांना नेतो, भुसा राईस मिलमध्ये जातो. म्हणजे धानाने जमवलेलं सगळं शेताबाहेर. मिलवाले भुसा जाळतात आणि ती राख रस्त्याच्या कडेला ओततात. ती परत बांधीत टाकली तर धान वादळात उभं राहील का, एवढाच माझा प्रश्न आहे.

आमच्या हॉस्टेलवर सगळे जमा करणाऱ्यांच्याच मागे लागलेले आहेत. डिंपल बॅटरीवर काम करते. वीज साठवणाऱ्या पट्ट्यांवर पांढरा थर जमत जातो आणि एक दिवस बॅटरी मरते. रिता खाणीजवळच्या झाडांचा अभ्यास करते, ती झाडं जमिनीतलं मँगनीज पानांत भरून ठेवतात आणि तरी हिरवी राहतात. अश्विन संगणकवाला. तो म्हणतो, संगणकाच्या पोटात एक छोटी जागा असते, येईल तो आकडा आधीच्या बेरजेत मिळवायचा आणि बेरीज तिथेच ठेवायची, तिचंही नाव संचयक. जेवताना भांडण ठरलेलं, कोणाचं जमणं चांगलं आणि कोणाचं वाईट.

मला वाटतं माणसाचंही तसंच असेल, मोठीआई. मोठेबाबा गेल्यापासून तुझ्यात जे साठत गेलं, त्यानेच तू इतकी ताठ उभी आहेस.

शेवटच्या हंगामाचं असं आहे. शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपते. मागच्या वर्षीचा माझा प्रयोग गुरं शिरल्याने गेला. या हंगामात नीट आकडे मिळाले नाहीत तर पीएच.डी. सोडून नोकरी बघायची, असं माझ्या मार्गदर्शक सरांनी सांगितलं. लाखांदूरकडेही दोन शेतं घेतली आहेत, तुझं तिसरं.

दोन गोष्टी पाळ. खत दोन्ही बांध्यांना सारखं, राख मात्र फक्त वरच्या बांधीत. आणि वरच्या बांधीचं पाणी खालचीत उतरू द्यायचं नाही, नाहीतर राखेचा अंश वाहत जाईल. दोन बांध्यांमधल्या धुऱ्याचं, मातीच्या बांधाचं, तोंड बुजव आणि खालच्या बांधीला पाटातून वेगळं पाणी दे.

तुझी,
तृप्ती


आसगाव
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय तृप्ती,
सप्रेम जयभीम.

रोवणी झाली, धानाची रोपं लागली. राख चिखलणीच्या वेळीच वरच्या बांधीत मिसळली. धुऱ्याचं तोंड मी माझ्या हाताने चिखल लावून बुजवलं, वरून दगड ठेवला.

रोवायला आलेल्या बाया खूप हसल्या. शेजारची चंद्रभागाबाई तर कंबर सरळ करायच्या निमित्ताने उभी राहिली ती बोलतच राहिली. तिच्या बांध्या माझ्या बांध्यांना लागूनच आहेत आणि आमच्या घरांमध्ये फक्त एक कुंपण आहे, हे तुला माहीत आहे.

"का वं पार्वता, हे काय करून राहिली तू? वरच्या बांधीले औषध अन् खालचीले काहीच नाही?"

"पुतणीचा प्रयोग आहे."

"असा कोणता प्रयोग वं? येक लेकरू पोटभर जेवते अन् दुसरं उपाशी त्याच्या तोंडाकडं पायते. तुह्या पुतणीले लेकरं झाले की असंच करन का ते?"

बाया हसून चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. मी तिला तुझं पत्र वाचून समजावलं. राखेने देठ ताठ होतो हे ऐकून तिने पवनीहून आपल्यासाठीही ट्रॅक्टरभर राख आणवली. म्हणजे हसत होती तरी ऐकत होती.

आता तुझ्या पत्रातल्या एका गोष्टीबद्दल. दुःखाने मी ताठ झाले असं पुन्हा लिहू नकोस. धानाचं धानाला राहू दे. तुझे मोठेबाबा गेले त्यात मला काही मिळालं नाही. मी उभी आहे कारण सकाळी म्हैस हंबरते आणि उठावं लागतं. रागाने लिहीत नाही. तू शिकलेली आहेस, तुझ्या लिहिण्यात खोटं येऊ नये म्हणून सांगते.

उद्या मी लाखांदूरला जाते. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, आठवडाभर राहीन. बांध्यांकडे लक्ष ठेवायला चंद्रभागाबाईला सांगितलं आहे. परत आले की तू सांगितलीस तशी पानं कापून, सावलीत वाळवून पाठवते.

तुझी,
मोठीआई


पुणे
२८ सप्टेंबर २०२४

प्रिय मोठीआई,

दुःखाबद्दल लिहिलंस ते बरोबर आहे. पुन्हा लिहिणार नाही.

लाखांदूरकडची दोन्ही शेतं पुराच्या पाण्यात गेली. वर गाळ बसला आहे, आता तिथून काही मिळणार नाही. उरल्या तुझ्या दोन बांध्या.

तू पाठवलेली पानं व्यवस्थित पोचली. मी ती जाळून, धुऊन, मोजून पाहिली. वरच्या बांधीच्या पानांत सिलिका चांगली जमली आहे. पण खालच्या बांधीतही तितकीच आहे. काही पानांत तर वरच्यापेक्षा जास्त, काहींत अगदी कमी, सगळी गडबड. जिला राख दिली नाही तिच्यात ही सिलिका आली कुठून? दोन्ही सारखी असतील तर राखेने फरक पडतो हे मी कशावरून म्हणू?

सरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, पाणी फिरलं असणार.

मोठीआई, धुऱ्याचं तोंड उघडं राहिलं होतं का? तू लाखांदूरला असताना पाऊस जोराचा होता. मी दोष देत नाही. शेतात अशा गोष्टी होतात, आणि तुला त्याचं इतकं महत्त्व वाटलं नसेल. पण मला खरं कळलं पाहिजे, कारण आता मला प्रबंध बंद करायचा की नाही ते ठरवायचं आहे.

तृप्ती


आसगाव
५ ऑक्टोबर २०२४

तृप्तीस,
जयभीम.

धुऱ्याचं तोंड बंद होतं. लाखांदूरहून आले त्या दिवशी घरात न शिरता आधी तिथे गेले. दगड ठेवला तसाच होता.

महत्त्व वाटलं नसेल, असं तू लिहिलंस. ज्या दोन बांध्यांवर माझं वर्षाचं खाणं आहे त्यांतली एक मी तुझ्या शब्दावर बिनराखेची ठेवली. गावाने हसून घेतलं ते वेगळं.

पार्वता


आसगाव
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय तृप्ती,
सप्रेम जयभीम.

मागचं पत्र रागात लिहिलं. हे लांब होईल. बसून वाच.

मंगळवारी दुपारी वादळ आलं. धान भरलेलं, लोंब्या जड, आणि वारा असा की छपरांचे पत्रे उडाले. थांबल्यावर सगळं गाव शेताकडे धावलं. जिकडे पाहावं तिकडे धान झोपलेलं, कोणी मोठी चटई अंथरावी तसं. माझ्या दोन बांध्या मात्र उभ्या. वरची तर काठीसारखी. खालचीही उभी, फक्त पलीकडच्या कोपऱ्यात थोडी कलली होती.

लोक धुऱ्यावर उभे राहून पाहत होते. मला आनंद होईना. खालची पडायला हवी होती. ती पडली असती तर तुझं काम झालं असतं. आपलं धान उभं राहिलं म्हणून वाईट वाटणारी बाई त्या दिवशी जिल्ह्यात मी एकटीच असेन.

चंद्रभागाबाई आपल्या बांधीत उभी होती. तिचं सगळं आडवं. मला नवल वाटलं. ट्रॅक्टरभर राख आणली होती हिने, मग धान पडलं कसं? मी तिच्याजवळ जाऊन तुझं पत्र काढलं आणि "जिला राख दिली नाही तिच्यात ही सिलिका आली कुठून" इथपर्यंत वाचलं. ती पदराने तोंड पुसू लागली.

"पार्वता, येक सांगू? रागावशील."

"बोल."

"तू लाखांदूरले गेल्ती ना, तवा मी टाकली राख. तुह्या खालच्या बांधीत."

मी नुसती पत्राची घडी घालत राहिले. तीच बोलत सुटली.

"रोज धुऱ्यावरून जावं त मले पायवत नोहोतं वं. वरची काळीभोर, अन् तिच्या बाजूले हे बिचारी उघडी. तुह्या घरचे गुलाबभाऊ रायते त असं होऊ देते का? मी म्हटलं, बाईमाणूस येकटी, पुतणीच्या शब्दात फसली. टोपलीनं टाकली, संपेपर्यंत टाकली. धुऱ्याकून घट्ट पडली, तिकडच्या कोपऱ्यात पुरली नाही."

"अन् तुह्या बांधीत?"

"माह्यात काय टाकू? संपली ना सारी. म्हटलं आपलं पुढच्या साली पाहू."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं त तुनं टाकू देल्ली असती का?"

तृप्ती, मी तिच्यावर ओरडले. तुझ्या शिक्षणाचं, शेवटच्या हंगामाचं सगळं तिला सुनावलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "म्या भल्यासाठी केलं वं माय." तेव्हा मला दिसलं की ती आपल्या पडलेल्या धानात उभी राहून माझी बोलणी खात होती. मग आम्ही दोघी धुऱ्यावर बसलो.

पाणी फिरलं नव्हतं. राख टाकली गेली होती. तुला खरं हवं होतं, ते हे आहे. तुझा प्रयोग बिघडला तो पूर्णपणे माणसामुळे बिघडला, आणि मला त्या माणसाचा आता राग येत नाही. तुला आला तर मी समजून घेईन.

तुझी,
मोठीआई


पुणे
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय मोठीआई,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फोनवर फक्त "कापू नका, कोणी काही कापू नका, मी येते" एवढंच ओरडले, आणि आल्यावर तीन दिवस चिखलात पेंढ्या बांधण्यात गेले. नीट बोलणं झालंच नाही. म्हणून आता लिहिते.

तुझं पत्र वाचताना मी आधी रडले. मग "कोपऱ्यात पुरली नाही" हे वाक्य पुन्हा वाचलं आणि उठून उभी राहिले. चंद्रभागामावशीच्या हातून राख एकसारखी पडली नव्हती. धुऱ्याजवळ दाट, पुढे विरळ, कोपऱ्यात नाहीच. म्हणजे एका बांधीत राखेच्या सगळ्या पायऱ्या. माझी पानं गडबड दाखवत होती कारण तू ती बांधीभर फिरून कापली होतीस. आणि जिला काहीच मिळालं नाही अशी बांधी मी शोधत होते, ती धुऱ्याच्या पलीकडेच होती. तीच माती, तेच बी, तोच आठवडा, तेच वादळ. चंद्रभागामावशीची.

आता आपण बांधीतली जागा लिहून बांधलेल्या पेंढ्या मोजून झाल्या. धुऱ्यापासून कोपऱ्याकडे जावं तशी सिलिका उतरत जाते आणि देठाची ताकद तिच्यासोबत उतरते. मावशीच्या बांध्यांत दोन्ही सगळ्यात कमी. मी कागदावर ठिपके मांडले आणि ते ओळीने उभे राहिले. सरांना दाखवले. त्यांनी चष्मा काढला नाही, उलट कागद डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, "लिहायला बसा."

मी तुझ्यावर पाण्याचा संशय घेतला. कागदावर माफी मागते, कारण कागद तू पुन्हा वाचतेस.

मावशीचं धान किती हाती आलं?

तुझी,
तृप्ती


आसगाव
१० डिसेंबर २०२४

प्रिय तृप्ती,
सप्रेम जयभीम.

माफीचं पान मी पुन्हा वाचलं आणि ठेवून दिलं. तो विषय संपला.

तिचं धान बऱ्यापैकी हाती आलं. पडलेल्या धानात मशीन चालत नाही, विळ्याने कापावं लागतं, आणि चिखलातली लोंबी उचलून उचलून. आम्ही तिच्या बांधीत उतरलो. आधी मी, मग तिची सून टीना, मग ज्या बाया रोवणीला हसल्या होत्या त्या सगळ्या. थोडं उगवून गेलं, काळं पडलं, ते कोंबड्यांना. बाकीचं घरात आलं. मी माझ्या खालच्या बांधीचं धान तिला द्यायला गेले तर म्हणाली, "राख माही होती म्हणून धान माहं का? जाय घरी." मग मी एक पोतं तिच्या कुंपणाच्या आत ठेवून आले. तिने ते परत माझ्या अंगणात ठेवलं. शेवटी टीनाने त्याचे पोहे कांडून आणले आणि दोन्ही घरी वाटले.

ती रोज विचारते, "पास झाली का पोरगी?" मी सांगते, अजून लिहिते आहे. ती म्हणते, "येवढं काय लिव्हते? राख टाकली, धान उभं रायलं. झालं."

लिहीत राहा. जेवत जा.

तुझी,
मोठीआई


पुणे
१८ मार्च २०२५

प्रिय मोठीआई,

झालं. काल झालं.

फोनवर तू "बरं" म्हणालीस आणि मग तुझा आवाज आला नाही. म्हणून सगळं लिहिते.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक कडक होते. पहिलाच प्रश्न, "ही रचना तुमची नाही. शेजारणीने टाकलेल्या राखेवर प्रबंध उभा आहे. हा योगायोग नाही कशावरून?" डिंपल, रिता, अश्विन मागे बसले होते, अश्विनने तर डोळे मिटले. मी म्हणाले, "सर, योगायोग एखाद्या ठिकाणी होईल. तो धुऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पायरीपायरीने उतरत जाणार नाही. आणि मी ठरवून राख टाकली असती तर दोनच बांध्या असत्या, एक भरलेली आणि एक रिकामी. मधल्या पायऱ्या मला सुचल्याच नव्हत्या." मग त्यांनी एकेक ठिपका विचारला आणि मी एकेक सांगितला, कोणत्या पेंढीचा, बांधीत कुठला.

शेवटी ते म्हणाले, "प्रबंधात शेजारणीचं नाव आहे का?"

मी पान उघडून दाखवलं. आभाराच्या पानावर नाही, पद्धतीच्या प्रकरणातच लिहिलं आहे: खालच्या बांधीत राख चंद्रभागाबाई यांनी टोपलीने टाकली. ते मोठ्याने हसले. म्हणाले, "बाईंना सांगा, पुढच्या वेळी टोपली अशीच हळूहळू रिकामी करा." आणि उभं राहून त्यांनी माझा हात हातात घेतला.

संस्थेने अजून दोन वर्षांचं काम दिलं आहे. भंडाऱ्यातच, गावोगावच्या शेतांवर. येत्या हंगामापासून मी पवनीला राहणार आहे. आसगावला पुन्हा बांध्या लागतील, आणि त्यांतली एक मात्र खरोखर बिनराखेची ठेवावी लागेल. कोण देईल?

तुझी,
तृप्ती


आसगाव
२७ मार्च २०२५

प्रिय डॉक्टर तृप्ती,
सप्रेम जयभीम.

पाकिटावर तुझ्या नावाआधी डॉक्टर लिहिलं. अक्षर नीट यावं म्हणून आधी कॅलेंडरच्या मागे गिरवून पाहिलं. पोस्टमनने वाचलं आणि विचारलं, "कोणत्या दवाखान्यात आहेत?" मी म्हटलं, धानाच्या.

फोनवर माझा आवाज आला नाही कारण मला बोलता येत नव्हतं. तुझे मोठेबाबा नाहीत, आणि ते नसणं आजही पहिल्या दिवसाइतकंच आहे. पण या वेळी त्यांना सांगता येत नाही म्हणून मी आनंद आवरून ठेवला नाही. फोटोसमोर वाचायचंही मनात आलं नाही, फोटोला ऐकू येत नाही. मी पत्र घेऊन शेतात गेले. उन्हाळी धानाची निंदणी चालू होती, सगळ्या बाया बांधीत. मी धुऱ्यावर उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं.

परीक्षकाचा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांचे हात थांबले. तुझं उत्तर वाचलं तेव्हा टीना ओरडली, "वा वं तृप्ती!" बिनराखेची बांधी कोण देईल, हे वाचून संपायच्या आत भांडण सुरू झालं. प्रत्येकीला आपली द्यायची आहे. चंद्रभागाबाईने सगळ्यांना गप्प केलं. "उपाशी माहीच रायन," म्हणाली. "कोणी चोरून राख टाकाले आली त विळा घेऊन बसतो मी धुऱ्यावर."

"तूच चोर, तूच राखणदार," एक जण म्हणाली, आणि बांधीभर हसू पसरलं.

मग ती चिखलातून माझ्याजवळ आली. हात मातीचे होते म्हणून कागदाला लावले नाहीत, नुसती वाकून त्यावरची अक्षरं पाहू लागली. तिला वाचता येत नाही.

"कोठी आहे वं माहं नाव?"

मी बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ तिथेच पाहत राहिली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "माह्या नावापासून. जोऱ्यात वाच, तिकडच्या बांधीवाल्यायले आयकू गेलं पाहिजे."

मी पुन्हा वाचलं.

तुझी,
मोठीआई